कोटणीसांच्या नावाची सुई

अ‍ॅक्युपंक्चर ही उपचारपद्धती आपल्याकडे कोणी आणली, असा प्रश्न महाराष्ट्रात चारचौघांत विचारला, तर ‘डॉ. कोटणीस’ हे उत्तर मिळण्याचा संभव बराच मोठा आहे. उत्तर देणाऱ्याच्या मनात एक सरळ अनुमान असते. कोटणीस सोलापूरचे, ते चीनला गेले, तेथेच त्यांचा अंत झाला, सुईची विद्या चीनची, तेव्हा ती त्यांच्याच हातून इकडे आली असणार. या साखळीतील प्रत्येक कडी स्वतंत्रपणे खरी आहे, फक्त शेवटची सोडून. जो मनुष्य परत आलाच नाही, त्याने काही आणले कसे, हा साधा प्रश्न आपण स्वतःला विचारत नाही. लोकस्मृती दोन खऱ्या गोष्टींमध्ये एक कल्पित दोरा कसा ओवते, याचा हा चांगला नमुना आहे, आणि म्हणून साहित्याच्या अभ्यासकांनाही त्यात रस वाटावा.

पण हा केवळ स्मृतीच्या गमतीचा विषय नाही. बारामती-इंदापूर रस्त्यावरील भवानीनगरसारख्या गावाच्या संदर्भात त्याचा विचार करून पाहावा. श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याभोवती वाढलेले हे गाव. नीरा डाव्या कालव्याचे पाणी, भोवती ऊस, आणि आषाढीच्या आधी याच वाटेने जाणारी तुकोबांची पालखी. अशा ठिकाणी अंगदुखी ही सार्वजनिक वस्तू असते. वारकऱ्याचे गुडघे व पोटऱ्या, ट्रॅक्टरचालकाची कंबर, खुर्चीत बसून काम करणाऱ्या कारकुनाची मान आणि ऊसतोडणी कामगाराचा पाठीचा कणा, यांपैकी कोणते दुखणे इथे परके नाही. त्यावर तेल-मालिश, शेक, मलम, गोळी, ‘एक इंजेक्शन मारा’ हे सारे जुने झाले. आता त्यात योगासने, प्राणायाम, अ‍ॅक्युप्रेशरची काटेरी चटई आणि पंधरवड्यातून एकदा घेतलेल्या सुया यांची भर पडली आहे. आजार झाला म्हणून नव्हे, तर आजार होऊ नये, बरे वाटत राहावे, म्हणून सुईला आठवड्याच्या क्रमात जागा देणारी माणसे आज बारामतीतही आहेत आणि पुण्यात तर आहेतच. वाग्भटाने ‘दिनचर्या’ हा शब्द वैद्यकाच्या ग्रंथात एका अध्यायाचे नाव म्हणून वापरला. त्या चर्येत ही परदेशी सुई येऊन बसली आहे. ती आपण अंगात टोचून घेतो ती कोणत्या विश्वासावर, हा माझा प्रश्न आहे.

प्रथम कोटणीसांविषयी. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. मुंबईच्या गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. १९३७ मध्ये जपानने चीनवर चढाई केल्यावर चिनी सेनानी जू द यांनी जवाहरलाल नेहरूंकडे वैद्यकीय मदतीची विनंती केली. सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना, १९३८ मध्ये, पाच डॉक्टरांचे पथक निघाले: स्पेनच्या यादवी युद्धातून नुकतेच परतलेले अटल, नागपूरचे वयोवृद्ध चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि सर्वांत अननुभवी म्हणावेत असे कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी बोटीने मुंबई सोडलेले हे पथक १९३९ च्या आरंभी येनानला पोहोचले. आपल्या नावांना ‘हुआ’, म्हणजे चीन, हे अक्षर त्यांनी जोडून घेतले. कोटणीस ‘के दीहुआ’ झाले. इतर तिघे यथावकाश परतले. बसू आणि कोटणीस मागे राहिले, आणि कोटणीस उत्तर चीनच्या डोंगराळ युद्धक्षेत्रात आठव्या मार्ग सेनेबरोबर काम करू लागले.

त्यांचे काम कोणते होते, हे नीट पाहणे आवश्यक आहे. ते शल्यचिकित्सक होते. गोळ्या काढणे, सडलेला अवयव कापणे, जखमा शिवणे, आणि हे सारे भूल, जंतुनाशक व कापूस यांच्या सततच्या टंचाईत. कॅनडाचे नॉर्मन बेथून १९३९ च्या नोव्हेंबरमध्ये शस्त्रक्रियेत झालेल्या जखमेच्या विषबाधेने वारले. त्यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद १९४१ मध्ये कोटणीसांकडे आले. तेथे ते शिकवतही असत, चिनी भाषेतून. शल्यशास्त्राचे पाठ्यपुस्तक त्यांनी लिहायला घेतले होते आणि त्याचा पुढचा भाग त्यांच्या मृत्यूने अपुरा राहिला. १९४१ च्या अखेरीस त्यांनी क्वो छिंगलान या परिचारिकेशी विवाह केला. १९४२ मध्ये मुलगा झाला, त्याचे नाव ‘यिनहुआ’: यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीसांचा अंत झाला. वय बत्तीस.

या साऱ्या चरित्रात सुई आहे ती टाके घालण्याची. दुसरी सुई तिथे पोहोचलीच नव्हती, असे म्हणावे लागते. कारण ती पोहोचण्याची तारीख आपल्याला ठाऊक आहे. १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये माओ त्से-तुंग यांनी येनानच्या एका भाषणात आधुनिक शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांनी जुन्या वैद्यांशी सहकार्य करावे, असा आग्रह धरला. त्यामागे प्राचीन परंपरेविषयीचा भक्तिभाव नव्हता. प्रदेशाला वेढा होता, औषधे येत नव्हती, डॉक्टर मोजके होते आणि रोगी अगणित. सुई धातूची, पुन्हा वापरता येणारी, जवळजवळ फुकट. १९४५ मध्ये येनानच्या बेथून रुग्णालयात सुईचा उपचार अधिकृतपणे सुरू झाला. पाश्चात्त्य वैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या जू ल्यान या डॉक्टर स्त्रीने ही विद्या त्याच सुमारास शिकून घेतली आणि १९५१ मध्ये ‘नवे अ‍ॅक्युपंक्चर’ या अर्थाचे नाव असलेला ग्रंथ प्रसिद्ध केला. शीर्षकातील ‘नवे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. बाईंना यिन-यांगपेक्षा मज्जासंस्थेत अधिक रस होता. आणि त्या ग्रंथासाठी पुरस्काराचे चार शब्द लिहिले ते जू द यांनी. ज्यांच्या विनंतीवरून कोटणीस चीनला गेले, तेच हे गृहस्थ. इतिहासात दोरे असतात. फक्त आपण समजतो तिथून ते जात नाहीत.

म्हणजे ज्या सुईला आपण ‘पाच हजार वर्षांची’ म्हणतो, तिचे आजचे रूप विसाव्या शतकात घडले. प्राचीनता खोटी नाही, पण ती सलगही नाही. इ. स. पू. १६८ मध्ये बंद झालेल्या मावांगतुई येथील थडग्यातून १९७३ मध्ये जी रेशमी वैद्यक-पत्रे निघाली, त्यांत शरीरातील अकरा वाहिन्यांचे वर्णन आहे, त्यांवर डागण्याचा उपचार आहे, परंतु सुई नाही. सुईचे शास्त्र ‘पीत सम्राटा’च्या नावावर असलेल्या ग्रंथात येते. आणि १८२२ मध्ये खुद्द चिनी सम्राटानेच राजवैद्यांच्या संस्थेतून सुईची शाखा बंद केली. राजाच्या देहाला ती शोभत नाही, असा अभिप्राय होता. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत चंग दानआन यांच्यासारख्या सुधारकांनी शरीररचनाशास्त्र समोर ठेवून बिंदूंच्या जागा नव्याने बसवल्या आणि बारीक सुया रूढ केल्या, तेव्हा तिला पुन्हा प्रतिष्ठा येऊ लागली.

भारतात ही विद्या आणण्याचे श्रेय त्याच पथकातील बिजयकुमार बसू यांच्याकडे जाते. १९४३ मध्ये ते परतले. एकोणीसशे पन्नासच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ते अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि कलकत्त्यात त्यांनी ते सुरू केले. थोड्याच वर्षांत १९६२ चे युद्ध आले. चिनी म्हणजे शत्रूचे, अशा त्या काळात एका बंगाली डॉक्टराने चिनी सुया टोचत राहणे ही साधी गोष्ट नव्हती. एकोणीसशे सत्तरच्या दशकात बसूंच्या पुढाकाराने कोटणीस स्मारक समितीचे काम पुन्हा उभे राहिले. समितीने अ‍ॅक्युपंक्चरचा प्रसार हेच आपल्या सेवेचे साधन मानले. लुधियानात कोटणीसांच्या नावाचे अ‍ॅक्युपंक्चर रुग्णालयही त्याच दशकात निघाले. कोटणीसांचे नाव आणि सुई यांची गाठ पडली ती इथे. ती गाठ बसूंनी जाणूनबुजून बांधली असेल, तर मी तिला लबाडी म्हणणार नाही. आपल्या मृत मित्राचे नाव, जे दोन्ही देशांत निष्कलंक होते, त्यांनी संशयित वस्तूला दिले. तारण म्हणून ठेवायला त्यांच्याजवळ त्याहून मोलाचे काही नव्हते.

आणि ते नाव चालणारे नाणे होते, याचे कारण सिनेमा. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ काढला. कोटणीस ते स्वतः झाले आणि क्वो छिंगलानची भूमिका जयश्री यांनी केली. चित्रपटातील कोटणीस प्लेगच्या साथीशी झुंजतात आणि त्याच रोगाला बळी पडतात. अपस्मार हा पडद्यावरच्या वीराला न शोभणारा आजार, म्हणून प्लेग. चरित्राला कथेची गरज लागली की पहिला बळी निदानाचा जातो, असे दिसते. एकदा प्लेग जोडता आला, की सुई जोडणे काही कठीण नाही.

ही प्रवृत्ती केवळ आपली आहे असे मात्र समजू नये. जुलै १९७१ मध्ये अमेरिकी पत्रकार जेम्स रेस्टन यांचे पेकिंगमध्ये अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले. त्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये स्वच्छ लिहिले की शस्त्रक्रियेच्या वेळी नेहमीचे भुलीचे औषध टोचले होते, नंतर पोटात कळा येऊ लागल्या तेव्हा कोपर आणि गुडघ्याखाली सुया लावल्या आणि पोटाजवळ एक वनस्पती जाळून धग दिली. तरी ‘रेस्टनचे ऑपरेशन सुयांच्या भुलीवर झाले’ ही कथा अर्धशतक फिरते आहे. मूळ लेख छापील असताना! पुढच्या फेब्रुवारीत निक्सन चीनला गेले आणि सुई पश्चिमेची फॅशन झाली.

रेस्टनच्या पोटाजवळची ती धग विसरून चालणार नाही, कारण शब्दाचा सारा गोंधळ तिच्यातच आहे. चिनी भाषेत या पद्धतीला ‘जन-च्यू’ म्हणतात: सुई आणि जाळणे, हे दोन्ही. सतराव्या शतकात जपानमधील डच वखारीवर राहिलेल्या विलेम टेन राइन या डॉक्टरने १६८३ मध्ये लॅटिनमध्ये ‘अ‍ॅक्युपंक्चुरा’ असा शब्द केला. त्यात सुई आली, टोचणे आले, आग राहून गेली. आपण तोच अर्धा शब्द घेतला. गंमत अशी, की मराठी माणसाला जो अर्धा भाग ओळखीचा वाटला असता, तोच नेमका वगळला गेला. डागण्या देणे आपल्याला परके नाही. सुश्रुताकडे त्याचे नाव अग्निकर्म. खेडोपाडी त्याचे नाव ‘चटका’. आणि मेळघाटात तान्ह्या मुलाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने डाग देण्याची ‘डंबा’ नावाची जी घातक रीत आहे, तिच्या बातम्या अजून येतात. परंपरा जुनी आहे एवढ्यावर तिला अंगाला हात लावू द्यावा, असे ज्यांना वाटते त्यांनी या बातम्या अवश्य वाचाव्यात.

अलीकडे आणखी एक मत जोरात मांडले जाते: अ‍ॅक्युपंक्चर मुळात आपलेच, ‘सूचिवेध’ हे त्याचे नाव, आणि सुश्रुताची मर्मे म्हणजेच चिनी बिंदू. भाषेच्या विद्यार्थ्याला या मताची तपासणी करायला वैद्यक शिकावे लागत नाही, मूळ ग्रंथ वाचला की पुरते. सुश्रुताने शस्त्रकर्मे आठ सांगितली. त्यांत वेध्य आहे, पण ते शीर टोचून रक्त काढण्यासाठी किंवा साचलेले पाणी काढण्यासाठी. सुया आहेत, त्या सीव्य कर्माच्या, म्हणजे शिवण्याच्या. कान टोचण्याचा विधी आहे, तो रक्षणासाठी आणि दागिन्यासाठी. आणि मर्मे आहेत एकशे सात. परंतु मर्म म्हणजे जेथे इजा झाली असता मनुष्य मरतो, लुळा होतो किंवा तळमळतो, अशी जागा. शस्त्र चालवताना ती चुकवायची असते. एका ग्रंथात जेथे टोचू नये ते स्थान, दुसऱ्यात जेथे टोचावे ते स्थान; या दोहोंना एक ठरवणे म्हणजे ‘मर्मावर बोट ठेवणे’ या आपल्याच वाक्प्रचाराचा अर्थ विसरणे होय. सोनाराने कान टोचावेत हे खरे, पण म्हणून सोनार अ‍ॅक्युपंक्चरिस्ट होत नाही.

हुतात्म्याचे नाव आणि पूर्वजांचा ग्रंथ ही दोन्ही तारणे अशी बाजूला ठेवली, तर उरते काय? कायदा उरतो. पश्चिम बंगालने १९९६ मध्ये या पद्धतीसाठी कायदा केला. केंद्र सरकारने २००३ मध्ये तिला उपचाराची एक रीत म्हणून परवानगी दिली आणि २०१९ मध्ये स्वतंत्र पद्धती म्हणून मान्यता दिली. मध्यंतरी महाराष्ट्राचा २०१५ चा कायदा झाला आणि त्याअन्वये व्यावसायिकांच्या नोंदणीसाठी परिषद आली. कोटणीसांच्या राज्यातील माणसाला आज समोरच्याचा नोंदणी क्रमांक विचारता येतो. सुई निर्जंतुक आणि एकदाच वापरायची आहे ना, पाकीट आपल्यासमोर फोडले ना, हेही विचारता येते. कावीळ ब आणि एचआयव्हीच्या काळात येनानची पुन्हा वापरायची सुई चालणार नाही. छातीवर खोल टोचल्यास फुप्फुसाला भोक पडू शकते, हा धोका दुर्मीळ असला तरी खरा आहे.

आणि उरते प्रयोगाची साक्ष. ती मोठी विलक्षण आहे. २००७ मध्ये जर्मनीत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत जुनाट कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांचे तीन गट केले होते. पहिल्याला शास्त्रोक्त बिंदूंवर सुया, दुसऱ्याला भलत्याच जागी वरवर टोचलेल्या सुया, तिसऱ्याला औषधे, व्यायाम इत्यादी नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी सुधारणा दिसलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ४७.६, ४४.२ आणि २७.४ टक्के निघाले. समर्थकांनी पहिल्या व तिसऱ्या आकड्याकडे बोट दाखवले, विरोधकांनी पहिल्या व दुसऱ्या. ब्रिटनच्या अधिकृत मार्गदर्शक संस्थेने कंबरदुखीसाठी २००९ मध्ये अ‍ॅक्युपंक्चरची शिफारस केली, २०१६ मध्ये ती काढून घेतली आणि २०२१ मध्ये दुसऱ्या एका प्रकारच्या जुनाट वेदनेसाठी पुन्हा केली. मला या चाचणीतील मधला आकडा सर्वांत बोलका वाटतो. बिंदू चुकला तरी रोग्याला बरे वाटले. म्हणजे बरे वाटण्यात वाहिन्यांच्या नकाशाचा वाटा थोडा, आणि कोणीतरी अर्धा तास आपल्या दुखऱ्या अंगाकडे लक्ष देऊन बसते याचा वाटा मोठा असावा. ज्यांना आपल्या नित्यक्रमात सुईला जागा द्यायची आहे त्यांना हे पुरेसे कारण वाटू शकते. मला त्यात हास्यास्पद काही दिसत नाही. मात्र मधुमेह, रक्तदाब किंवा छातीत दुखणे यांवरची औषधे त्या भरवशावर सोडणे ही निराळी गोष्ट आहे, आणि ती करणारे लोक असतात.

हा अर्धा तास कोणाकडे असतो, हा प्रश्न भवानीनगरात टाळता येत नाही. चीनमध्ये सुई वाढली ती गरिबीत. १९६५ नंतर जे ‘अनवाणी डॉक्टर’ तयार केले गेले, त्यांच्या झोळीत मोजकी औषधे आणि सुया असत आणि ते शेताच्या बांधावर जात. त्या व्यवस्थेची स्तुती करताना ती कोणत्या राजवटीची होती हे विसरू नये. पण सुईचा प्रवास तिथे दवाखान्याकडून शेताकडे होता, हे खरे. आपल्याकडे बांधावर जाणारी माणसे निघाली ती वेगळ्या वाटेने. आरोळे दांपत्याने १९७० मध्ये जामखेडला जे काम सुरू केले, त्यात गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका केले. सुयांची त्यांना गरज पडली नाही. सुई मात्र शिबिरांतून निघून हळूहळू शहरी मध्यमवर्गाच्या वातानुकूलित खोलीत जाऊन बसली.

जामखेड, पाटोदा, आष्टी या भागांतून दिवाळीच्या सुमारास ट्रक निघतात. ऊसतोडणीच्या हिशोबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. पहाटे फडात वाकायचे, ऊस तोडायचा, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचे. कंबर, मान आणि गुडघे यांच्याविरुद्ध याहून पक्का कट रचता येणार नाही. जर्मनीतील त्या चाचणीत साधारणपणे आठवड्याला दोन याप्रमाणे दहा वेळा सुया दिल्या होत्या. कोयत्यावरच्या माणसाने दहा दिवस तर सोडाच, एक दिवस कामावर यायचे टाळले तर त्याला ‘खाडा’ म्हणतात, आणि खाड्याचा दंड उचलीत चढतो.